तिसऱ्यांदा विचारलं म्हणून

चार दिवस उन्हातान्हात नणंदेला वाळवंटातलं यझ्द शहर दाखवून माहलकाचे पाय भरून आले होते. पूरान उन्हाळ्याच्या सुट्टीला रश्तहून आलेली. माहलका आपली रीत म्हणून बोलून गेली, “वन्सं, उद्या डोंगरावरच्या रिसॉर्टला जाऊ या.” पूरान दोनदा नको म्हणाली. रीतीप्रमाणे माहलकाने तिसऱ्यांदा विचारलं आणि पूरान हो म्हणाली.

आता दोघी ओढ्याकाठी बाजेवर शाली लपेटून कुडकुडत होत्या.

“वहिनी, खरं सांगू?” पूरान म्हणाली. “ओढे नि झाडी मी घरी रोजच बघते. मला तुमच्या गार तळघरात नुसतं लोळायचं होतं.”

“मग हो कशाला म्हणालात?”

“तिसऱ्यांदाही नको म्हटलं असतं, तर तुम्हाला लागलं नसतं?”

माहलकाने कपाळावर हात मारला आणि सामान आवरायला घेतलं.

दुपारी दोघी तळघरात कलिंगड कापून आडव्या झाल्या होत्या. वर शहर भाजत होतं.

“परवा निघेन म्हणते,” पूरान म्हणाली.

“राहा की चार दिवस. आणि हे मी एकदाच विचारतेय.”

“मग राहते,” पूरान पहिल्याच खेपेला म्हणाली आणि तिने सगळ्यात मोठी फोड उचलली.