न केलेले फोन

“फोन दे.”

“नाही.”

“अगं, किती वाजले ते बघायचंय.”

“भिंतीवर घड्याळ आहे. तुम्हीच लावलंय.”

हे भिंतीकडे न बघताच पुन्हा खुर्चीत बसले. सकाळपासून हेच चाललं होतं. आधी म्हणे हवामान बघायचं होतं, मग म्हणे मुलीचा काही निरोप आलाय का बघायचं होतं. मुलगी आदल्याच संध्याकाळी पोटभर बोलली होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा यांचा स्वभाव नाही, पण त्या दिवशी माणूस पार कासावीस झाला होता. यांचा मोबाइल माझ्या कपाटात टॉवेलांच्या चळतीखाली होता आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

फोन काढून घ्यायची कल्पना माझी नव्हे. ती आमच्या संस्थेच्या नव्या सेक्रेटरीची. ‘आमच्या’ म्हणते खरी, पण संस्था यांची. माझ्याकडे चहाचं खातं. पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची संस्था आहे ही. फुटपाथ मोडला, चौकात रस्ता ओलांडायला जागा राहिली नाही, सायकलच्या पट्ट्यावर कुणी गाड्या लावल्या, की ही मंडळी अर्ज करणार, साहेबांना भेटणार, सुनावणीला जाऊन बसणार. साहेबलोक अर्ज वाचत नाहीत, डोकी मोजतात, असं यांचं मत. आणि डोकी जमवायचं काम यांचं.

हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नोकरी संपली, पण कानाचा फोन सुटला नाही. सभेच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा सभेच्या सकाळी हे एकेकाला फोन लावायचे. नंबर सगळे तोंडपाठ. समोरचा काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो, त्यावरून यांना सगळं कळायचं. “बघतो” म्हणाला की तो येत नाही. “येतो, येतो” असं दोनदा म्हणाला तर मुळीच येत नाही. “किती वाजता?” असं विचारणारा येतो. “प्रयत्न करतो” म्हणणाऱ्याच्या बायकोला हे वेगळा फोन करायचे. मी त्या दिवशी एकटीच जेवायची, ती तक्रार निराळी.

मागच्या वर्षी यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आणि नेमकी त्याच आठवड्यात शाळेकडच्या रस्त्याची सुनावणी निघाली. फोन कोण करणार? प्रत्येकाला वाटलं, दुसरा करेल. हॉलमध्ये संस्थेची दोन माणसं होती, आणि त्यातलं एक बाहेर ऊन आहे म्हणून पंख्याखाली येऊन बसलेलं. फुटपाथ निम्मा कापला गेला. पुढे त्याच रस्त्यावर, पूर्वी जिथे फुटपाथ होता तिथेच, एका म्हाताऱ्या बाईंना मोटरसायकलने उडवलं. खुबा मोडला. त्यांना पुन्हा चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी एक दिवस रागारागाने संस्थेच्या सभेला आली. “पाय मी दुरुस्त करते हो, पण रस्ता कोण करणार?” वर्ष सरायच्या आत तीच सेक्रेटरी झाली.

आठवड्यापूर्वी ती आमच्या घरी आली आणि माझ्याच हातचा चहा पीत यांना तिने सुनावलं, “काका, तुम्हाला सर्दी झाली की संस्था शिंकते. हे असं चालायचं नाही. या सुनावणीला तुम्ही एकही फोन करायचा नाही. कमिटीतल्या प्रत्येकानं आपापली माणसं आणायची. मी ग्रुपवर सगळ्यांना कळवलंय.”

“आणि नाही आली तर?”

“तर मग कळेल, की आपल्याकडे संस्था नाहीच. तुमचा एक फोन आहे फक्त.”

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” ऑपरेशनच्या वेळी यांनी हूं की चूं केलं नव्हतं, पण हे तीन शब्द बोलताना चेहरा दुखरा झाला. जाताना ती मुलगी दारात माझ्या कानाशी लागली, “काकू, त्या दिवशी काकांचा फोन तुमच्याकडे ठेवा.”

सुनावणी होती मोठ्या दवाखान्यासमोरच्या चौकाची. तिथला पायी ओलांडायचा सिग्नल काढून गाड्यांसाठी एक लेन वाढवायची, असं घाटत होतं. दवाखान्यात येणाऱ्यांनी काय करायचं? तर पुढच्या चौकातून वळसा घालून यायचं. कुबड्या घेतलेल्या माणसाला वळसा! चार वाजता हॉल रिकामा दिसला की साहेब सही ठोकणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

जेवताना यांनी पानात नुसती बोटं फिरवली. मला ते बघवेना. म्हटलं, “चला, टेलरमास्तरांकडे माझे कपडे झालेत का बघून येऊ. तेवढेच पाय मोकळे होतील.”

टेलरमास्तर संस्थेच्या कमिटीवर आहेत, हे मी विसरले नव्हते. तिथे जाऊन यांचा जीव थोडा तरी भांड्यात पडेल असं मला वाटलं. यांनाही तेच वाटलं असावं, कारण चपला घालताना म्हणाले, “फोन करायचा नाही म्हणालीय ती. बोलायचं नाही असं कुठं म्हणालीय?”

“वकील व्हायला हवे होतात तुम्ही,” मी म्हटलं. “काही विचारायचं नाही. कपडे घ्यायचे आणि यायचं.”

मास्तर कापड बेतत होते. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाले, “या वहिनी. काय भाऊ, आज इकडे कसे?”

“सहज,” हे म्हणाले आणि काचेवरचा खडू उचलून परत ठेवला. मला यांची दया आली. माझे कपडे काही झाले नव्हते, ते कधीच वेळेवर होत नाहीत. आम्ही निघालो तसे मास्तरही कुणाचे तरी कपडे पोचवायला बाहेर पडले, सायकलवर टांग टाकत “बरं भाऊ, येतो!” म्हणाले आणि गेले.

हे रस्त्यातच थांबले. “येतो म्हणजे?”

“येतो म्हणजे जातो. निघताना म्हणतात तसं.”

“का चार वाजता येतो?”

“अहो, मला काय माहीत!”

“एकदाच म्हणाला ना? दोनदा नाही म्हणाला?” घरी येईपर्यंत हेच.

घरात पाऊल टाकतो तर कपाट वाजत होतं. थांबलं, पुन्हा वाजलं. हे कपाटासमोर जाऊन उभे राहिले. जन्मभर ज्याने वाजलेला फोन उचलायचा पगार घेतला, त्याच्यासमोर फोन वाजतोय आणि दाराला कुलूप. मी म्हटलं, फोन करायचा नाही असं ठरलंय, आलेला उचलायला कुणाची बंदी आहे? वकिलाची बायको झाले मी. कुलूप काढलं. टेलरमास्तरांचाच फोन होता.

“वहिनी, मघाशी विचारायचंच राहिलं. आजचं ते रद्द ना?”

“रद्द? कोण म्हणालं?”

“म्हणजे, भाऊंचा फोनच नाही आला. काल नाही, आज नाही. मी आपला दोघातिघांना सांगूनही टाकलं, रद्द दिसतंय म्हणून.”

“पण ग्रुपवर मेसेज होता ना, मास्तर?”

“मेसेज काय हो, दिवसभर येतातच. भाऊंचा फोन नाही म्हणजे रद्द. त्यातून आज भाऊ माझ्या दुकानात असे सहज उभे! सुनावणी असती तर उभे राहिले असते का?”

पाय मोकळे करायची हौस माझी. सगळं मुसळ केरात घातलं होतं मी. यांनी शेजारी कान लावून ऐकलं होतंच. माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, “मास्तर, रद्द नाही. चार वाजता आहे.”

“अरे देवा! मग लावा ना भाऊ सगळ्यांना पटापट!”

अडीच वाजले होते. चारपर्यंत यांनी हॉल भरून वर दारात माणसं उभी केली असती. मी स्वतः म्हटलं, “करा हो. खड्ड्यात गेलं ते वचन. चौक तर वाचेल.”

यांनी माझ्याकडे बघितलं. अंगठा बटणावर होता. मग फोनमध्ये म्हणाले, “मी नाही लावणार, मास्तर. रद्द म्हणून ज्यांना सांगितलंत त्यांना आता तुम्हीच सांगा. आणि त्यांना म्हणावं, तुम्ही पुढं ज्यांना सांगितलंत त्यांना तुम्ही सांगा.”

“माझं कोण ऐकणार भाऊ? तुमच्या आवाजाची गोष्ट वेगळी.”

“माझंही आधी कुणी ऐकत नव्हतं.”

“मला फोनवर बोलता येत नाही हो. मी अडखळतो.”

“अडखळा,” हे म्हणाले आणि फोन ठेवला. मग तो माझ्या हातात दिला. “ठेव आत. कुलूप लाव.”

“अहो, अजून वाजेल.”

“वाजू दे. मी उचलला की सगळे माझ्याकडेच येत राहतील.”

वाजला. एकदा, पुन्हा, पुन्हा. हे खुर्चीचे हात धरून बसले होते. मी मधेच उठून कपाटाकडे गेले, तर “बस,” म्हणाले. एवढ्या वर्षांत या सुरात माझ्याशी कधी बोलले नव्हते. तीनच्या सुमारास कपाट गप्प झालं. वाजत होतं तेव्हा जीव टांगणीला होता, थांबलं तेव्हा त्याहून जास्त. लोकांना कळलं म्हणून थांबलं, का लोकांनी नाद सोडला म्हणून?

सुनावणी महापालिकेच्या विभाग कार्यालयात होती, ते त्या चौकातच आहे. आम्ही गेलो तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या होत्या, पंखे होते आणि एका खुर्चीत सेक्रेटरी. आम्हाला बघून पळतच आली. “काका, तुम्ही कुणाला फोन नाही ना केलात?”

“नाही.”

ती “छान” म्हणाली, पण तिचा चेहरा पडला. यांनी शब्द मोडला असता तर बरं झालं असतं, असं तिलाही एक क्षण वाटून गेलं. मी बाईमाणूस, मला कळलं.

साहेब आले. फायली आल्या. चार वाजून गेले. साहेबांनी हॉलभर नजर फिरवली आणि पेनाचं टोपण काढलं. “सुरू करायचं का?” हे मागच्या रांगेत माझ्या शेजारी. यांचा गुडघा हलत होता, तो मी हाताने दाबून धरला.

आणि जिन्यात पावलं वाजली. टेलरमास्तर वर आले, टेप गळ्यातच, शर्ट घामाने चिकटलेला. त्यांच्यामागे चार-पाच माणसं. मग दवाखान्यातल्या दोन आया, गणवेशातच. मग सायकलची कुलपं हातात घेतलेली पोरं, कुणाची तरी सासू, कुणाचा तरी भाडेकरू. हे मान वळवून वळवून बघत होते.

“हा कोण?” यांनी मला विचारलं.

“मला काय माहीत? तुमची संस्था.”

“मी नाही ओळखत,” हे म्हणाले. “ती पण कोण आहे? एकाचाही नंबर माझ्याकडे नाही.”

हे जमवायचे त्याच्या निम्मीही माणसं नव्हती. पण साहेबांनी टोपण पेनाला परत लावलं. “संस्थेच्या वतीनं कोण बोलणार?” म्हणाले आणि सवयीने त्यांची नजर यांच्याकडे आली. हेही सवयीने अर्धे उठले होते. तेवढ्यात पुढे टेलरमास्तर उभे राहिले, आणि हे तसेच खाली बसले.

मास्तर भयंकर अडखळले. पहिल्या वाक्याला तर मला वाटलं, आता बसतात. मग त्यांच्या मागची आया उठली. “साहेब, त्या वळशातनं तुम्ही एकदा व्हीलचेअर ढकलून दाखवा. पेशंट म्हणून मी बसते.” हॉल हसला, साहेबही हसले. मग एकामागून एक सगळेच बोलले. कुणाचं धड, कुणाचं अर्धवट. शेवटी साहेबांनी फाइल मिटली. सिग्नल आहे तिथेच राहील, लेनचा नकाशा नव्याने काढा, असं त्यांनी लिहून दिलं.

बाहेर फुटपाथवर नुसता गलका. सेक्रेटरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती भराभर बोलत होती. “पुढच्या वेळी कुणी कुणाला सांगायचं ते आत्ताच ठरवू. मास्तर, तुमच्याकडं बाजारपेठ. मावशी, तुमच्याकडं दवाखाना.” एकेकाला वाटा मिळत होता. हे हात मागे बांधून, जरा पुढे झुकून उभे होते. मला दिसत होतं, आपलं नाव कधी येतं याची वाट बघत होते. सगळं वाटून झालं. मग तिचं लक्ष गेलं, तिने यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, “काका, आता तुम्ही नुसतं यायचं. आम्ही कळवू तुम्हाला.”

“हो, हो,” हे म्हणाले. “कळवा.”

मला त्या पोरीचा राग आला. ती चुकली नव्हती, म्हणून जास्तच आला.

सिग्नल लागला आणि सगळी मंडळी घोळक्याने रस्ता ओलांडायला लागली, बोलत, हसत, मास्तरांच्या पाठीवर थापा मारत. गाड्या थांबून होत्या. “चला,” मी म्हटलं.

“जाऊ दे त्यांना पुढं,” हे म्हणाले. “सिग्नल पुन्हा लागेल.”

तो लागला. पलीकडे मंडळी वळणावरून दिसेनाशी झाली होती. हे खांबाला हात टेकून तिकडे बघत उभे होते. हिरवा दिवा गेला, गाड्या सुटल्या, पुन्हा थांबल्या. मी घाई केली नाही.