नवऱ्याची विचारपूस

लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर एका सोमवारी नवऱ्याने तिला विचारलं, "आज दिवस कसा गेला?" आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. घरी आला की जेवायचं, बातम्या बघायच्या आणि घोरायचं, हा त्याचा शिरस्ता. मंगळवारीही त्याने तेच विचारलं. बुधवारी तर टीव्हीच बंद केला.

"काही हवंय का तुम्हाला?"

"नाही. सहज."

सहज! हा माणूस सहज म्हणून कधी खिडकीबाहेरही बघत नव्हता. तिने त्याचे खिसे चाचपले, शर्ट हुंगून पाहिला. मोबाइल उघडायला गेली, तर त्याचा पासवर्ड बदललेला. शनिवारी दुपारी 'काम आहे' म्हणून त्याने स्कूटर काढली, तशी तिने टॅक्सी केली आणि पाठ धरली.

स्कूटर तिच्या थोरल्या बहिणीच्या इमारतीखाली थांबली. ताईचा नवरा परगावी नोकरीला. तीन जिने चढून तिने बेल दाबली ती सोडलीच नाही.

दार ताईने उघडलं. आत टेबलाशी तो वही पुढ्यात घेऊन बसला होता, गृहपाठ न केलेल्या मुलासारखा. तिने वही ओढली. त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'मध्ये बोलायचं नाही. लगेच उपाय सांगायचा नाही. दुकानातली मालकीण तिला टोमणे मारते, ते विचारायचं.'

"तू फोनवर रडलीस ते मीच सांगितलं याला," ताई म्हणाली. "घरात भिंतींशी बोलते म्हणालीस, मला राहवलं नाही. तेव्हापासून मेसेज करून डोकं खातोय माझं."

सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी तिला संतापच आला. दोघं मिळून तिच्या पाठीमागे तिच्याशी कसं बोलायचं याची शिकवणी चालवत होते.

"मला का नाही विचारलंत?"

"सुरुवातीच्या वर्षांत विचारलं की तू म्हणायचीस, काही नाही," तो म्हणाला. "मीही पुढे कधी खोदलं नाही."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. ती तरातरा जिना उतरली. तो मागोमाग आला. दुसऱ्या मजल्यावर तिने वळून विचारलं, "आणि तुमचं काय? तुम्ही कोणाकडे रडता?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, गेल्या वर्षी एक लिफ्ट अचानक हलली होती, तो तिच्या टपावर असताना. तेव्हापासून टपावर चढलं की हात थरथरतात. कंपनीत कळलं तर कामावरून काढतील. घरी सांगावं, तर ती आधीच थकलेली.

तो खरं बोलतोय का, हे ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. मग तिने त्याचा हात हातात घेतला. तो आत्ताही थरथरत होता.

ती पायरीवर बसली, त्यालाही शेजारी बसवलं. "पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.