पट्टा बंद पडला त्या दिवशी

मोरोक्कोतल्या साफीच्या बंदरावर डबाबंद माशांचा कारखाना आहे. तिथं मी एकोणीस वर्षं तारली साफ करतेय. आमचा जुना मुकादम बुअज्जा, मानानं सी बुअज्जा, कायम आमच्या पाठीमागे पहारा देत उभा असायचा. कोणी बोललं की तिला दाराशी, गार वाऱ्यात काम करायला लावायचा. आम्हीही सांगेल तेवढंच करायचो, एक मासळी जास्त नाही.

मग त्याची गोदामावर बदली झाली आणि त्याच्या जागी यामना आली. तिनंही पूर्वी आमच्यासारखीच सुरी चालवलेली. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "हद्दा, या कामात तुला काय खटकतं गं?"

मला तो सापळाच वाटला. मी मासे साफ करत राहिले. चौथ्या दिवशी मात्र बोलून गेले की क्रेट डावीकडून येतात, दर वेळी कंबर पिळवटते. दुसऱ्या सकाळी टेबलं फिरवलेली होती! पण सवय नव्हती, त्यामुळे काम उलट घटलं. कारखान्याचे साहेब तणतणत आले, ही अक्कल कोणाची म्हणून विचारू लागले. यामना पुढे झाली.

"निर्णय माझा. बोलायचं ते मला बोला."

आमच्यासाठी असं आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. आठवडाभरात काम आधीपेक्षा वाढलं.

जूनमध्ये एका सकाळी सहा होड्या एकदम भरून आल्या आणि नेमका मासे आणणारा पट्टा बंद पडला. मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला. बर्फ वितळत होता. यामनानं सगळ्यांना गोळा केलं.

"बायांनो, मला काही सुचत नाहीये. तुम्हाला सुचतंय का?"

मुकादमानंच असं म्हणावं? मग तामू, जिचा आवाजही आम्ही कधी धड ऐकला नव्हता, ती म्हणाली, "रांग करू. हातोहात पुढे देऊ."

झालं! धक्क्यापासून टेबलापर्यंत चाळीस बायकांची रांग लागली. कोणीतरी लग्नातलं गाणं धरलं, क्रेट तालावर सरकू लागले. गोंगाट ऐकून सी बुअज्जा गोदामातून आला, बघत राहिला, मग बाह्या सारून रांगेत घुसला. तामूनं त्याला सुनावलं, "काका, क्रेट सरळ धरा, माझ्या अंगावर पाणी सांडतंय." रांग हसून हसून वाकडी झाली. त्यानं मुकाट्यानं क्रेट सरळ धरला.

चारला सुटायची वेळ झाली. यामना म्हणाली, ज्यांना घरी जायचंय त्यांनी खुशाल जावं. दोघींची मुलं लहान, त्या गेल्या. बाकीच्या हलल्या नाहीत. सूर्य बुडायच्या आत शेवटचा मासा डब्यात होता. माझ्या अंगात असा उत्साह की आणखी सहा होड्या आल्या असत्या तरी चाललं असतं.

दुसऱ्या सकाळी मी फाटक उघडायच्या आधीच पोचले. तर तिथं अकरा जणी आधीच हजर, टेबलं आणखी कुठे सरकवावीत यावर भांडत.

पहारेकऱ्यानं विचारलं, "आज काय लग्नबिग्न आहे का गं?"

त्याला उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती. मीही भांडणात शिरले.