झरोक्याची फळी

लोरेटाने फळी पुन्हा एकदा झरोक्यात ढकलली आणि पुन्हा एकदा ती निसटून बर्फात पडली. कोर्टात घालायच्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या. साउनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोपटाच्या, मागच्या भिंतीला, छपराच्या लगेच खाली तो झरोका होता. लेम्पी निएमीच्या या जुन्या साउनाला धुराडं नव्हतं. धोंड्यांखाली दिवसभर लाकडं जाळायची, धूर झरोक्यातून जाऊ द्यायचा, मग निखारे ओढून बाहेर टाकायचे, झरोक्याला फळी मारायची आणि धोंड्यांच्या उष्णतेत अंघोळीला बसायचं. निखारे आत राहिले आणि फळी बसली, की आतला माणूस गाढ झोपतो आणि उठत नाही. हे त्या गावात शेंबडं पोरही जाणून होतं.

"मला नाही जमत बाई," लोरेटा स्टुलावरून उतरत म्हणाली. "तूच दाखव."

हेल्मी हलली नाही. ती लेम्पीची नात, अकरा वर्षांची होती, आणि लोरेटाची अशील होती. लोरेटा ट्रेव्हॅरो फक्त मुलांचे खटले घ्यायची. सुपीरियर सरोवराच्या त्या काठावरचे वकील तिच्या कचेरीला बालवाडी म्हणत आणि ती ते हसून सोडून देई, कारण या बालवाडीने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना धूळ चारली होती.

या वेळचं प्रकरण मात्र साधं होतं, निदान सरकारी वकील डेल बोशाँचं म्हणणं तसं होतं. हेल्मीचा मामा वाइनो डेट्रॉइटहून आला होता. आपल्या आईचं, म्हणजे लेम्पीचं, घर विकायचं आणि तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं, असं तो जेवताना म्हणाला. "तू मर!" असं हेल्मी त्याच्या तोंडावर ओरडली. त्याच संध्याकाळी वाइनो साउनात बेशुद्ध सापडला. शेजारच्या बाईने हेल्मीला झरोक्यापाशी, स्टुलावर उभी असलेली, डोळ्यांनी पाहिलं. फळी बर्फात पडलेली होती, पण बोशाँकडे त्याचंही उत्तर होतं. आधी लावली, मग घाबरून काढली. वाइनो दवाखान्यातून जिवंत परतला आणि हेल्मीने पोलिसांना सांगितलं, "मीच बंद केलं."

"दाखव ना," लोरेटा म्हणाली. "न्यायाधीश विचारतील, कशी बंद केलीस. तेव्हा काय सांगणार?"

हेल्मी स्टुलावर चढली. फळी दोन्ही हातांनी उचलून तिने झरोक्याला लावली आणि मुठीने ठोकली. फळी तिरकी झाली. तिने ती फिरवली, उलटी केली, पुन्हा ठोकली. लोरेटाने तोवर फळीच्या कडा नीट पाहिल्या होत्या. एक कड घासून घासून गुळगुळीत झाली होती, तीच आधी खाली अडकवायची असणार. हेल्मीने ती प्रत्येक वेळी वर धरली.

"हेल्मी, तू ही फळी कधीच बसवलेली नाहीस."

"त्या दिवशी बसली."

"काढलीस तू. काढायला काही कळावं लागत नाही, ओढली की येते."

मुलगी खाली उतरली आणि हातमोजे झटकू लागली. काजळी काही जाईना.

"कुणीच दुसरं हात लावत नाही तिला," ती शेवटी म्हणाली. "जो तापवतो तोच लावतो. तसं असतं आमच्यात." आणि आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन तिने ओठ घट्ट मिटले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लेम्पीआजीने हाक मारली. कॉफी तयार होती. दोघी आत गेल्या, तेव्हा मघाशी प्यायलेले कप अजून टेबलावरच होते, तळाशी गाळ असलेले. मघाची किटलीही अर्धी भरलेली होती. आजीने नव्या किटलीतून नव्या कपांत ओतलं, वेलचीचा पाव कापला, आणि लोरेटाला प्रेमाने विचारलं, "तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदाच येताय ना?"

"हो, पहिल्यांदाच," हेल्मी मधेच बोलली. बोलता बोलता तिने शेगडीचं बटण बंद केलं, आजीच्या स्वेटरची चुकलेली गुंडी नीट लावली आणि जुनी किटली मोरीत रिकामी केली. हे सगळं तिने नेहमीच्या सवयीने केलं. हे घर कधीपासून कोण चालवतंय, ते लोरेटाला कळलं.

परत जाताना हेल्मी गाडीपर्यंत आली.

"सरकारी वकील म्हणाले ना, कबूल केलं तर उन्हाळ्यापर्यंत सुधारगृह आणि मग घरी?"

"म्हणाले."

"मग मी कबूल करणार." आजीला ती मुम्मू म्हणे. "उन्हाळ्यापर्यंत मुम्मू दिवस काढेल. शेजारच्या काकू जेवण देतील. मी शेगडीवर चिठ्ठी चिकटवीन. पण तिला एकदा तिकडे शहरात नेलं, की ती परत नाही येणार. तिथून कुणी येत नाही परत."

"आणि गावभर तुझं नाव होईल, मामाला मारायला निघालेली पोरगी म्हणून? जन्मभर?"

"होऊ दे." तिचा आवाज फाटला, पण मान खाली गेली नाही. "तुम्ही माझ्या वकील आहात. माझं म्हणणं मांडायचं तुमचं काम आहे. माझं भलं करायचं नाही."

हे वाक्य लोरेटानेच तिला पहिल्या भेटीत शिकवलं होतं. आता ते तिच्यावरच उलटलं. कबुली द्यायची की नाही हे अशील ठरवतं, मग ते अकरा वर्षांचं का असेना. अशिलाकडून कळलेलं गुपित फोडायचं नाही. या दोन्ही गोष्टी लोरेटाने आजवर मोडल्या नव्हत्या आणि याही वेळी मोडणार नव्हती. पण या पोरीला खोट्यापायी आत जाऊ द्यायचं नाही, हेही तिने तिथेच, गाडीचं दार उघडं ठेवून ठरवलं. दोन्ही कसं साधायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

घरी जाऊन तिने नियमांचं पुस्तक काढलं. पाठच होतं तिला, तरी पुन्हा वाचलं.

सुनावणीच्या सकाळी ती स्वतः गाडी घेऊन निएमींच्या दारात उभी राहिली. हेल्मी एकटीच बाहेर आली, वेणी घालून, शाळेचे बूट पुसून.

"आजी कुठे?"

"तिला थंडी बाधते. तिला नका आणू."

"पालकाशिवाय सुनावणी होत नाही, हेल्मी."

"मग शेजारच्या काकू येतील."

"त्या तुझ्या पालक नाहीत, आजी आहेत." लोरेटाने इंजिन बंद केलं. "मी थांबते. आजींना घाई नाही."

हेल्मीने तिच्याकडे रोखून पाहिलं. काहीतरी शिजतंय हे तिला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. वाटभर आजी मागच्या सीटवर तिचा हात धरून बसली होती. मधूनमधून ती विचारायची, "कुठे चाललोय गं?" आणि हेल्मी सांगायची, "गावात, मुम्मू. थोडं काम आहे." बर्फ काढणारी गाडी पुढे रांगत होती. लोरेटा तिच्यामागून निमूट गाडी हाकत राहिली. लेम्पीआजीशी ती हवेखेरीज कशाबद्दलही बोलली नाही. बोलण्यासारखं तिच्या तोंडाशी खूप होतं आणि ते गिळताना तिला त्रास होत होता. फक्त कोर्टाच्या ओसरीत तिने आजीचं कानातलं यंत्र मागून घेतलं, रुमालाने पुसलं, त्यात नवा सेल घातला आणि ते आजीच्या कानात नीट बसवलं.

"आता ऐकू येतंय?"

"अगं बाई, केवढ्यांदा!" आजी हसली.

न्यायाधीश पेल्कोनेन म्हातारे होते आणि सावकाश बोलत. वाइनो मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा चेहरा अजून उतरलेला होता. आईकडे तो पाहत नव्हता, भाचीकडेही नाही.

"तुझ्या शब्दांत सांग, मुली," न्यायाधीश म्हणाले. "काय केलंस?"

हेल्मी उभी राहिली. "मला मामाचा राग आला होता. मी स्टुलावर चढले आणि झरोक्याला फळी लावली. आत निखारे आहेत हे मला माहीत होतं."

पाठ केलेलं तिने न अडखळता म्हणून दाखवलं. बोशाँने समाधानाने मान हलवली.

"वकीलबाई, तुमचं काही म्हणणं?"

"माझ्या अशिलाला जे म्हणायचं होतं ते ती म्हणाली," लोरेटा म्हणाली. "त्यात मी माझा शब्द घालत नाही, खरं म्हणूनही नाही आणि खोटं म्हणूनही नाही. एक गोष्ट राहिली आहे. कबुली स्वीकारण्याआधी पालकांना विचारावं लागतं."

बोशाँने घड्याळाकडे पाहिलं. "ही आपली एक औपचारिकता आहे, साहेब. आजीबाई म्हाताऱ्या आहेत, कशाला उगाच..."

"नियमात आहे," लोरेटा म्हणाली. "विचारा, साहेब. आणि मुलीने काय सांगितलं तेही त्यांना सांगा. समजल्याशिवाय त्या उत्तर कसं देणार?"

हेल्मीने गर्रकन मान वळवली. तिला आता कळलं होतं. टेबलाखालून तिने लोरेटाची बाही धरली आणि जोरात ओढली. लोरेटाने बाही सोडवून घेतली नाही, आणि ती खालीही बसली नाही.

"लेम्पीबाई," न्यायाधीश पुढे वाकून म्हणाले, "तुमची नात म्हणते, वाइनो आत असताना साउनाची फळी तिने लावली. ही कबुली मी मानू नये असं काही कारण तुमच्याकडे आहे का?"

आजीने क्षणभर विचार केला आणि ती चक्क हसली.

"हिने? छे! फळी तापवणाऱ्याने लावायची असते. तुमच्या घरी नव्हती का हो साउना?"

"होती," न्यायाधीश म्हणाले. "माझी आई लावायची."

"मग!" आजी म्हणाली. "आमच्याकडे माझी आई लावायची. ती गेल्यापासून मी. हिला मी हातसुद्धा लावू देत नाही."

"त्या दिवशी साउना कुणी तापवली होती?"

"मुम्मू, खाली बस!" हेल्मी ओरडली. "मी लावली! मीच लावली!"

आजीचं हसू हळूहळू ओसरलं. ती आपल्या हातांकडे पाहू लागली, उलटे करून, सुलटे करून, जणू ते काही सांगतील.

"लाकडं मी आणली होती," ती म्हणाली. "वाइनो खूप दिवसांनी आला होता ना. धोंडे चांगले तापले होते. मग निखारे..." ती थांबली. "निखारे काढल्याचं नाही आठवत मला. फळी लावल्याचंही नाही आठवत." तिने मान वर केली. "पण तापवली मी. म्हणजे लावलीही मीच. आमच्या घरात दुसरा हातच नाही तिला. माझं पोर आत असताना मी लावली असणार, साहेब. आणि ही पोर माझ्यासाठी खोटं बोलते आहे."

मागच्या बाकावर वाइनोने टोपीत तोंड लपवलं.

कबुली नाकारली गेली. बोशाँने दुपारच्या आतच खटला मागे घेतला; तो तसा वाईट माणूस नव्हता. हेल्मी मात्र ओसरीतल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली. लोरेटा शेजारी बसली तशी ती बाकाच्या टोकाला सरकली.

"तुम्हाला माहीत होतं तिला विचारणार ते."

"होतं."

"तुम्ही मला फसवलंत."

"तुला सांगितलं नाही मी. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव. आता आजींचं आणि तुझं काय करायचं, यावर सुनावणी होईल. मामा येईल, सरकारची माणसं येतील, सगळे तुझं भलं सांगतील. तुझं म्हणणं सांगायला तिथे कुणीतरी उभं राहावं लागेल. मी नको असेन तर आजच दुसरं कुणी मागून घेऊ. मी हवी असेन, तर घर, शेजारच्या काकू, मदतीला येणारी बाई, जे जे मागता येईल ते सगळं मी मागणार आहे. सहजासहजी मी ऐकत नाही, ते तू बघितलंस."

हेल्मी पुन्हा सरकली नाही, सरकायला बाक शिल्लक नव्हता म्हणूनही असेल.

कोर्टाचं दार उघडलं आणि वाइनो आईला हाताला धरून बाहेर घेऊन आला. आजीने ओसरीतली माणसं पाहिली, खिडकीबाहेरचा बर्फ पाहिला, आणि मग तिची नजर हेल्मीच्या रडून सुजलेल्या डोळ्यांवर आली.

"काय झालं गं? कुणी बोललं का तुला?" ती घाबरून म्हणाली. मग जरा आठवल्यासारखं करून, "साउनाचं काहीतरी म्हणत होते आत. झरोका बंद केला म्हणे कुणीतरी, वाइनो आत असताना. कोण गं बाई असं करतं?"

हेल्मी उठली. तिने पालथ्या हाताने नाक पुसलं.

"मी, मुम्मू," ती म्हणाली. "चुकून."

"किती वेळा सांगितलंय तुला! तापवणाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नसतो!"

"हो, मुम्मू. नाही लावणार."

आजी रागावून बोलतच राहिली. हेल्मीने आजीच्या खांद्यावरून लोरेटाकडे पाहिलं. लोरेटाने वाकून आजीच्या कोटाच्या गुंड्या लावायला घेतल्या.