माझ्यातल्या चकत्या कुणी मोजत नाही

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घडा आहे. अथेन्सच्या न्यायालयात माझा जन्म गेला. ओंडक्यातून मला कोरले तेव्हा वाटले, अथेनादेवीच्या नगरीत आपल्याला मान मिळणार. पण शेजारी काशाचा घडा येऊन बसला.

इथे कोळसेवाले, कुंभार, मच्छीमार असे साधे नागरिकच देवाची शपथ घेऊन न्यायाला बसतात. त्यांना दिकास्त म्हणतात. प्रत्येकाच्या हाती मधोमध दांडी बसवलेल्या दोन चकत्या येतात. पोकळ दांडीची फिर्यादीची, भरीव दांडीची आरोपीची. दांडीची टोके चिमटीत झाकली की कुणाला काही कळत नाही. मनातली चकती जाते काशाच्या घड्यात, आणि तीच मोजतात. उरलेली, नकोशी ती माझ्यात.

तो खणखणायचा, मी नुसता ठक्. त्याला घासूनपुसून लखलखीत ठेवत, आणि माझ्या फटी रुंदावत चालल्या. मी फार जळायचो.

एकदा एवफ्रोन चांभाराचा खटला उभा राहिला. गावकरी म्हणत, हा नागरिक नव्हे, दासीचा मुलगा. हरला तर त्याला गुलाम म्हणून विकणार होते. सगळ्यांत शेवटी आला ख्रेमोन, नजर अधू झालेला म्हातारा दिकास्त. त्याने हात माझ्यावर धरला. चिमटी सैल झाली आणि मला दिसले, चकती भरीव होती. पड गं बाई, मी म्हटले, एकदा तरी खरे मत माझ्यात पडू दे.

आधी मत टाकून उभा असलेला एकजण म्हणाला, "आजोबा, हा लाकडी बरं का. डोळे घरी विसरलात?"

"ठेवूनच आलोय. म्हातारीला सुईत दोरा ओवायचा होता."

त्याने हात वळवला. काशात ठण वाजले. मग पोकळ चकती माझ्यात सोडताना तो वाकून हळूच म्हणाला, "हिला सांभाळ रे बाबा. बाहेर येऊ देऊ नकोस."

मोजणी झाली. दोन्हीकडे सारखी मते. बरोबरी झाली की आमच्याकडे आरोपी सुटतो. ख्रेमोनच्या चकत्या उलट पडत्या, तर एवफ्रोन बाजारात उभा असता. तो रडत धावला आणि त्याने मुका घेतला, काशाच्या घड्याचा. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मित्रांनो, माझा हेवा काही गेलेला नाही. एवढेच मागतो, त्याला चकाकी द्याल तेव्हा हाताला उरलेले तेल माझ्या फटींना लावा. माणसाला विकू शकली असती अशी चकती मी पोटात धरून बसतो. ती गळता कामा नये.