माझ्या अंगातलं निकेल

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डाव आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. डावाला कसला आलाय राग, म्हणून हसू नका. आधी ऐका.

कारखान्यात एका पत्र्यातून मला कापलं, वाकवलं आणि घासूनपुसून लखलखीत केलं. या घरात मला आजींनी आणलं. तेव्हापासून उकळत्या पातेल्यात उतरायचं आणि प्रत्येकाच्या वाटीत गरम सूप घालायचं, हेच माझं आयुष्य. "हा डाव हातात असला की माझा अंदाज चुकत नाही," असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आई दिवसभर शिवणयंत्रावर कपडे शिवते. त्याच्या गंजलेल्या चाकावर निकेलचा मुलामा चढवून तिला चकित करावं, असं बाबांच्या मनात आलं. हेतू चांगला, मान्य! पण शुद्ध निकेलची पट्टी आणायला थांबतो कोण? "स्टीलमध्ये निकेल असतंच की," असं पुटपुटत त्यांनी मला खुंटीवरून उचललं. ना आजींना विचारलं, ना कुणा जाणकाराला.

न्हाणीघराचं दार लावून त्यांनी प्लास्टिकच्या डब्यात व्हिनेगर आणि मूठभर मीठ घातलं. एका तारेला चाक, दुसरीला मी; विजेने माझ्यातलं निकेल सुटून चाकावर बसेल, असा त्यांचा हिशेब. वीज सुरू झाली आणि माझं अंग कुरतडलं जाऊ लागलं. पाणी हिरवट-पिवळं झालं. उग्र वास कोंडला. बाबांचे डोळे चुरचुरले, खोकून खोकून जीव घाबरा झाला, तेव्हा कुठे त्यांनी वीज बंद करून खिडकी उघडली. चाक तर काळंच पडलं होतं.

आणि पुढे काय केलं? मला साबणाने धुतलं आणि गुपचूप परत खुंटीला अडकवलं! मित्रांनो, संताप येणार नाही तर काय होईल? संध्याकाळी सूप उकळू लागलं. आजींचा हात माझ्याकडे आला. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं!

पण आजींची बोटं माझ्या अंगावर थबकली. "अगं, याला खड्डे कसले पडलेत?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा चाचरले आणि सगळं बाहेर आलं. आईने लगेच नणंदेला, म्हणजे आत्याला, फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. ती रसायनशास्त्र शिकवते.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" आत्या कडाडली. "स्टीलमध्ये क्रोमियमही असतं. असं केलं की त्याचं विष पाण्यात उतरतं. मिठामुळे क्लोरीन निघतो, तो वेगळाच. तो डाव जेवणाला लावू नका. आणि ते पाणी मोरीत ओतलंस तर बघ!"

"मी नीट धुतलाय गं तो..."

"माझं चाक गंजलेलंच बरं होतं," आई म्हणाली. "आईंच्या हातून मुलांना काय वाढलं गेलं असतं, कळतंय का तुम्हाला?"

बाबा उठून न्हाणीघरात गेले.

ते पाणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून त्यांनी घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात पोचवलं. मग शुद्ध निकेल आणलं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मोकळी गच्ची, स्वयंपाकाशी संबंध नसलेलं भांडं, मीठ अजिबात नाही, आणि शेजारी आत्या उभी! चाक सुंदर चकाकलं. हसायला मात्र आईने बराच वेळ घेतला.

आणि मी? आजींनी मला कागदात गुंडाळून भंगारवाल्याच्या हातात दिलं. "हा कुणाला वापरायला देऊ नका हं, वितळवायलाच द्या," असं त्यांनी त्याला दोनदा बजावलं. चूक कुणाची, आणि घराबाहेर कोण!

मित्रांनो, धातूला चकाकी जरूर द्या. पण आधी नीट शिका, जाणत्या मोठ्यांना सोबत घ्या आणि जेवणाच्या भांड्याला हात लावू नका. आम्हाला ओरडता येत नाही हो.