पहिल्या गोलाचे देणे

माझी पणजी पाटी होती. गोदीतल्या एका गोदामाच्या भिंतीला ती खिळ्याने टांगलेली असे. हमाल आणि खलाशी यांच्यातल्या सामन्यांचे गोल तिच्यावर खडूने मांडत आणि अंधार पडला की ओल्या फडक्याने पुसून टाकत. माझी आजी म्हणजे जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजू दोऱ्याने शिवून केलेली चोपडी. तिने शहरातल्या संघांचे निकाल वीस वर्षे सांभाळले आणि शेवटी ती वाळवीच्या पोटात गेली. माझी आई निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही, स्वभावाने अगदी गरीब. देशाचा पहिला संघ निवडला गेला तो तिच्याच पानांवर. आणि मी? मी आमच्या चिमुकल्या देशाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची नोंदवही. चारशे पाने, कापडी बांधणी, कोपऱ्यांना चामडे. मित्रांनो, ताठ बसा आणि पाय हलवू नका. माझ्या वयाच्या बाईला मध्येच कुणी बोललेले खपत नाही.

आमचा देश एवढा लहान, की संघात कोण कोण आहे हे विचारावे लागत नसे. गोलरक्षक शिंपी होता, बचावाला दोन सुतार, आघाडीला एक टपालवाला. सगळ्यांना मिळून सदरे अकराच. शिंप्याने त्यांच्या पाठीवर पांढऱ्या कापडाचे आकडे शिवले होते. एखादा खेळाडू जखमी झाला, तर तो सदरा उतरवून देई आणि त्याच्या जागी येणारा तोच घामट सदरा अंगात घाली. यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. घरात मोठ्याचे कपडे धाकट्याला होतातच.

मला लिहीत फुटबॉल संघटनेचे चिटणीस. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव मात्र लोखंडासारखा. त्यांचा एकच नियम होता, माझ्या पानांवर खाडाखोड चालणार नाही. ते म्हणत, "ज्याला खोडायचंय त्यानं पाटीवर लिहावं." हे वाक्य ऐकले की माझी छाती फुगत असे. पणजीला बोल लागतो आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

पुढची पाने चिटणिसांची. सामने, गोल, कोण किती वेळा खेळला, हे सारे शाईने. मागची आठ पाने संघाच्या मालिशवाल्याची. तो तिथे पेन्सिलीने दुखापती लिही. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचे नाक फुटले. त्याच्या बोटांच्या तेलाचे डाग माझ्या त्या पानांवर आजही आहेत. चिटणीस ती पाने कधीही उलटत नसत. मीही त्यांना जरा हलकेच लेखत असे.

पहिल्या सहा सामन्यांत आम्ही एकेचाळीस गोल खाल्ले आणि केले शून्य. माझ्या गोलांच्या रकान्यात सहा शून्ये एकाखाली एक उभी होती, अंड्यांच्या करंडीसारखी. मग सातवा सामना आला. मैदानात घोट्यापर्यंत चिखल होता आणि सारे चेहरे एकसारखे झाले होते. चाळिसाव्या मिनिटाला आमच्या बचावातल्या सुताराने चेंडू असा उडवला, की तो कुंपणापलीकडे गेला. संघटनेकडे चेंडू दोनच. दुसऱ्या कुणावर विसंबणे चिटणिसांना ठाऊक नव्हते. मला काखेत मारून ते स्वतः शोधायला निघाले आणि काटेरी झुडपांतून चेंडू काढून परतले तोवर उत्तरार्ध सुरू झाला होता. एकाहत्तराव्या मिनिटाला चिखलातून एक पाठ वर उठली, तिने डोके मारले आणि चेंडू जाळ्यात गेला. पाठीवर आकडा होता नऊ. नऊ म्हणजे टपालवाला. चिटणिसांनी टपालवाल्याचे नाव लिहिले. आम्ही तो सामना एकास चार असे हरलो आणि लोक जिंकल्यासारखे नाचत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत पाववाला आला. तो राखीव खेळाडू, माझ्या नोंदीप्रमाणे कधी मैदानात न उतरलेला. भट्टीवरून तसाच आला असावा, कारण कोपरापर्यंत पीठ होते.

"साहेब, कालचा गोल माझा आहे," तो म्हणाला. "टपालवाल्याचा गुडघा गेला, तेव्हा मी उतरलो. सदरा त्याचा होता."

"मी माझ्या डोळ्यांनी नऊ आकडा पाहिलाय."

"आकडा नऊच होता की. आत मी होतो."

"अरे, त्याचा गुडघा गोल झाल्यावर गेला असणार. आणि वहीत लिहिलं ते लिहिलं."

पाववाल्याने वाकून त्या ओळीवर अंगठा टेकवला. कोरड्या पिठाचा ठसा उमटला. चिटणिसांनी रुमालाने तो झटकला आणि मला मिटले. मित्रांनो, मला त्या क्षणी वाईट वाटायला हवे होते. मला वाटला तो पान स्वच्छ राहिल्याचा आनंद. म्हातारपणी माणूस कबुली देतो, ती अशी.

पुढचे सारे मला फार उशिरा कळले. बाकीचे खेळाडू चिटणिसांकडे साक्ष द्यायला निघाले होते. पण त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितले, की टपालवाला पुन्हा कधीही खेळणार नाही. पाववाल्याने सर्वांना वाटेतच अडवले. "गुडघा गेला त्याचा," तो म्हणाला. "गोल तरी राहू दे." संघ गप्प झाला तो कायमचा. टपालवाला दवाखान्यातून काठी टेकत बाहेर आला, तर लोकांनी त्याला उचलूनच घेतले. "अहो, मी नव्हतो तो," असे तो दोनदा म्हणाला. लोक म्हणाले, "बघा, किती साधा माणूस." तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही.

त्याला टपाल कचेरीत खिडकीमागे बसवले. रोज सकाळी तो पाववाल्याच्या दुकानात पाव घेई. दोघे हवेविषयी बोलत, भावाविषयी बोलत, फुटबॉलचे नाव काढत नसत. पाववाल्याने खरे काय ते फक्त आपल्या मुलीला सांगितले होते, ती लहान असताना. पोरीने ते शाळेत सांगितले. शाळेने संघटनेला विचारले. चिटणिसांनी मला उघडले आणि पाववाल्याच्या नावापुढचे वाचून दाखवले, सामने शून्य, गोल शून्य. तेव्हापासून गिऱ्हाइके त्याला चिडवू लागली, "काय नऊ नंबर, पाव ताजा आहे ना?" मुलगीही पुढे म्हणू लागली, "बाबा, आता ती गोष्ट नका सांगू कुणाला." त्यानेही मग कधी सांगितली नाही.

इकडे माझे दिवस चांगले चालले होते. पाहुणे आले की मला मेजावर मांडत. तेरा गोलांनी झालेला पराभव, पहिला विजय, सगळे माझ्या तोंडून. मग चिटणीस गेले. संगणक आला. माझ्या पाठीवर चहाची किटली ठेवू लागले, आणि एके दिवशी मला कपाटावर टाकून दिले. तिथे मी नऊ वर्षे धूळ खात होते.

मला खाली काढले चिटणिसांच्या नातीने. ती शाळेत गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात संघाची आकडेवारी पाहते. नव्व्याण्णव सामने झाले होते. अकरा जिंकलेले, पंधरा बरोबरीचे, त्र्याहत्तर हरलेले. शंभराव्या सामन्याला देशाकडून खेळलेल्या प्रत्येकाचे नाव दगडात कोरून मैदानाच्या दारावर लावायचे ठरले होते. त्या यादीत पाववाला नव्हता. एकदा दगडात कोरले, की मग कोण बदलणार?

पण ही मुलगी मला पुढून वाचून थांबली नाही. तेलकट पानेही तिने उलटली. तिथे मालिशवाल्याचे किरटे अक्षर होते, 'सातवा सामना. नऊ नंबर. गुडघा. चाळिसाव्या मिनिटाला बाहेर, दवाखान्यात नेला.' मग तिने पुढच्या पानांतला सातवा सामना काढला. एकाहत्तरावे मिनिट, नऊ नंबर. एक बोट इथे, एक बोट तिथे ठेवून तिने दोन्ही मिनिटे ताडून पाहिली. सत्य सेहेचाळीस वर्षे माझ्याच पोटात होते, मित्रांनो, आणि मी मात्र स्वच्छ पानांचा तोरा मिरवत होते.

तिने टपालवाल्याला बोलावले. तो सत्तरीत आला होता.

"आजोबा, चाळिसाव्या मिनिटाला तुम्ही दवाखान्यात होतात. मग एकाहत्तराव्याला गोल कुणी केला?"

तो खुर्चीत बसला. काठी गुडघ्यांत धरली. "कुणीतरी विचारेल म्हणून थांबलो होतो, बाळ," तो म्हणाला. "थांबायला नको होतं. उद्या त्याला घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी दोघे म्हातारे आले. पाववाल्याचा हात धरून त्याची मुलगी होती.

"राहू दे की आता," पाववाला दारातूनच म्हणाला. "एवढ्यासाठी भट्टी सोडून आलो मी."

"तू गप्प बस," टपालवाला म्हणाला. "सेहेचाळीस वर्षं तुझा पाव खाल्ला, त्याचं काही नाही. तुझा गोल खाऊन मरायचं नाहीये मला."

नातीने लाल शाईचे पेन उघडले आणि ती थबकली. समोर तिच्या आजोबांचे मोत्यासारखे अक्षर होते. मार रेघ, पोरी, मी मनात म्हटले. ज्या पानावर चूक दुरुस्त होत नाही, त्या पानापेक्षा माझ्या पणजीची पाटी बरी.

म्हणून, मित्रांनो, जुन्या वह्यांवर किटल्या ठेवू नका, आणि वही वाचाल तेव्हा तिची मागची पानेही वाचा. कुणी पिठाचे हात घेऊन दारात आला, तर रुमाल काढण्याआधी त्याचे ऐकून घ्या. एवढे माझे ऐका.

तिने रेघ मारली. माझ्या अंगावरची पहिली आणि एकुलती एक. खाली टपालवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली आणि आपल्या नावासमोर तिने लिहिलेला नवा आकडा मोठ्याने वाचला, "सामने सात, गोल शून्य." वाचताना त्याचा चेहरा निवळला होता.

मग तिने पाववाल्याचे नाव लिहिले. सामने एक. गोल एक.

त्याची मुलगी त्या ओळीवर वाकली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "एकाहत्तराव्या मिनिटाला?"

"मला सत्तराव्याला वाटत होतं," पाववाला म्हणाला. मग त्याने वाकून आपल्या नावावर अंगठा टेकवला. पिठाचा ठसा उमटला. या वेळी कुणी तो झटकला नाही, आणि माझ्याकडे कुणाचे काही देणे उरले नाही.